वारा कुठून गळतो

शुल्क शून्य, असं पहिल्याच खिडकीत लिहिलेलं.
भाऊ म्हणाला, फुकट ते पौष्टिक नसतं, येल्त्ये,
महिन्याला चार युरो टाक आणि सुटून जा.

मी ऑर्गनचे स्वर जुळवते.
डोक्कुमपासून समुद्रापर्यंत एकतीस चर्च माझ्या वहीत.
अनोळखी वाद्य समोर आलं की आधी वाजवत नाही,
भात्यात हवा भरते, आणि कान लावून बसते
वारा कुठून गळतो ते ऐकत.
याच्यापुढेही तशीच बसले. तीस दिवस दिले.

उघडायला अकरा सेकंद.
लॅपटॉप नऊ वर्षांचा, मीही काही तरणी नाही, चालेल.
एकोणीस वर्षांची पत्रं ओढून घ्यायला
त्याला एक रात्र पुरली नाही.
सकाळी कॉफी घेऊन आले
तर ते २०१३च्या मार्चमध्ये पोचलं होतं,
ज्या मार्चमध्ये मी घर विकलं आणि कुणाला सांगितलं नाही.
विषयांच्या ओळी वर सरकत राहिल्या.
कॉफीवर साय धरली.

अक्षर बारीक. ते मोठं करायची जागा
तीन खोल्या ओलांडून चौथ्या दाराआड.
आठवडा रविवारपासून धरतं;
माझा रविवारी संपतो.

पण चर्चच्या भिंती मीटरभर जाड,
आत शिरलं की नेटवर्क मरून पडतं.
जुनं वेबपान तिथे पांढरं व्हायचं, बर्फासारखं.
हे मात्र सगळं पोटात घेऊन बसलेलं असतं.
मी मनोऱ्याच्या पायरीवर उत्तरं लिहिते,
ते जपून ठेवतं,
आणि बाहेर गाडीपाशी आले की एकेक सोडून देतं,
मेंढरं सोडावीत तशी.

एकदा लिहिलं, ‘सोबत बिल जोडलं आहे’,
पाठवायला गेले तर त्यानं अडवलं:
काहीच जोडलेलं नाही.
इतक्या हळू आवाजात
माझी चूक आजवर कुणी दाखवली नव्हती.

कचरा ओळखायला शिकवावं लागतं.
हा कचरा. हाही. हा नाही.
बाराव्या दिवशी त्यानं चर्च मंडळाचं पत्र कचऱ्यात टाकलं.
मी ते परत आणलं,
जरा वेळ लावून.

बाविसाव्या दिवशी पत्रं तारखेनं लावली
आणि तळाला एकच उरलं:
एक जानेवारी १९७०.
तेव्हा मी जन्मलेही नव्हते.
तारीख हरवली की हे तिथूनच मोजायला लागतं म्हणे,
कुठूनतरी मोजायला हवं.

पत्र वोब्बेचं, येल्सवेर्डच्या चर्चची किल्ली त्याच्याकडे.
‘पेडलचा सी शार्प बंदच होत नाही,
भाता भरला की आपला आपण गुणगुणतो.
पाइपच्या तोंडात रुमाल कोंबलाय.
सवड झाली की ये.’

मागच्या महिन्यातलं, की दहा वर्षांपूर्वीचं?
जुन्या ठिकाणी हे कधी दिसलंच नव्हतं.
वोब्बे हे नाव शोधायला सांगितलं,
दोन पत्रं निघाली: हे, आणि एक नाताळच्या शुभेच्छांचं.
उत्तर द्यायच्या बटणावर बोट ठेवलं, उचललं.
तारीखच नाही, तर माफी किती दिवसांची मागायची?

हत्यारांची पेटी गाडीत टाकली.
दार वोब्बेनंच उघडलं.
‘झाली सवड?’ म्हणाला,
आणि किल्ली खिशात ठेवून पुढे चालू लागला.
रुमाल निघाला तो ताठ, पुठ्ठ्यासारखा,
चौकटी कोणत्या रंगाच्या होत्या ते सांगता येईना.
झडपेखाली मेलेली गांधीलमाशी, बस्स, एवढंच.

वोब्बे चहा आणायला गेला
तेव्हा पायरीवर बसून भावाला लिहिलं:
ठेवतेय हे.
अक्षर अजून बारीकच आहे.

पाठवा म्हटलं.
पत्र लॅपटॉपमध्येच थांबलं,
भिंत संपेपर्यंत.